श्रुतिका आणि वऱ्हाड : न दिसणाऱ्या रंगमंचाचा इतिहास

१/ १६ जुलै १९४८ रोजी नागपूर येथे आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले. नागपूर तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाड या प्रांताची राजधानी होते. तेथून अमरावती सुमारे दीडशे किलोमीटर, तर अकोला अडीचशे. मुंबईचा क्षीण, खरखरता आवाज पकडणाऱ्या वऱ्हाडी श्रोत्याला प्रथमच जवळचे म्हणता येईल असे मराठी केंद्र मिळाले. पण त्या केंद्रावरून जे ऐकू येई, त्यात वऱ्हाडचा स्वतःचा आवाज किती होता? हा धागा त्या प्रश्नाविषयी आहे, आणि ज्या कलेत तो सर्वांत तीव्रतेने उभा राहतो तिच्याविषयी : श्रुतिका.

२/ प्रथम शब्दांकडे पाहू. संस्कृत काव्यशास्त्राने दृश्य आणि श्राव्य असे काव्याचे दोन भाग केले आणि नाटक निःसंदिग्धपणे ‘दृश्य’ बाजूला ठेवले. रेडिओने ही वाटणीच मोडली. म्हणून मराठीला नवे शब्द घडवावे लागले : ‘नाटिके’च्या वळणावर ‘श्रुतिका’, आणि ‘नभोवाणी’च्या वळणावर ‘नभोनाट्य’. तरीही एक जुना दुवा होताच. ‘भाण’ या एकपात्री प्रकारात नट अदृश्य पात्राशी बोलतो आणि त्याचे न ऐकू आलेले उत्तर स्वतःच उच्चारतो. या युक्तीचे नाव ‘आकाशभाषित’. आकाशवाणीच्या किती तरी शतके आधीचे!

३/ आधुनिक अर्थाने रेडिओसाठीच लिहिलेले पहिले नाटक म्हणून ज्याचा उल्लेख होतो ते बीबीसीवरून १५ जानेवारी १९२४ रोजी प्रसारित झाले : रिचर्ड ह्यूज यांचे ‘अ कॉमेडी ऑफ डेंजर’. कथा वेल्समधील कोळशाच्या खाणीत घडते. आरंभीच दिवे जातात आणि पात्रे अंधारात सापडतात. ह्यूज यांनी माध्यमाची उणीव झाकली नाही, तिलाच कथावस्तू केले. श्रोत्याला काही दिसत नाही, तसे पात्रांनाही दिसत नाही. दोघे एकाच अंधारात. हा धडा ध्यानात ठेवा. पुढे आपण तो वऱ्हाडातल्या एका पावसाळी रात्री वापरून पाहणार आहोत.

४/ भारतात मुंबईचे केंद्र २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीने सुरू केले. तीन वर्षांतच कंपनी बुडाली. १९३० मध्ये सरकारने कारभार हाती घेतला आणि ८ जून १९३६ पासून ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव आले. स्वातंत्र्याच्या वेळी भारताच्या वाट्याला सहा केंद्रे आली : दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, लखनौ आणि तिरुचिरापल्ली. त्यांपैकी मराठीचे म्हणता येईल असे एकच, मुंबई. म्हणजे रेडिओवरच्या मराठी नाटकाचे पहिले संस्कार मुंबईत झाले. पुढच्या सगळ्या कहाणीवर याची छाया आहे.

५/ मग तोवर वऱ्हाडचे कान रिकामे होते काय? मुळीच नाही. अमरावती हे नाटकवेडे शहर होते. ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ आणि ‘रणदुंदुभी’ लिहिणारे वीर वामनराव जोशी अमरावतीचेच. विदर्भ साहित्य संघाची स्थापनाही १४ जानेवारी १९२३ रोजी अमरावतीतच झाली. खेड्यापाड्यांत दंडार आणि खडी गंमत होती. ग्रामोफोनच्या तबकडीवर नाट्यपदे घरात येऊ लागली होती. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मावत. नट न पाहता नाटक ऐकण्याची सवय मराठी घरांना प्रथम या तबकड्यांनी लावली.

६/ पण वऱ्हाडी आवाजातले सर्वांत मोठे ‘श्राव्य नाट्य’ उभे केले ते एका कीर्तनकाराने. गाडगेबाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचा. त्यांचे कीर्तन पोथीनिष्ठ नव्हते. ते श्रोत्यांना प्रश्न विचारीत, उत्तर वदवून घेत, त्या उत्तरावर पुन्हा प्रश्न करीत. हजारोंचा समुदाय जणू एकच पात्र होऊन त्यांच्याशी बोले. भाषा वऱ्हाडी, आणि विषय देव, दारू, कर्ज, शाळा, अस्पृश्यता.

७/ सुदैवाने हा आवाज आज ऐकता येतो. १९५६ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईत वांद्रे येथे झालेल्या त्यांच्या कीर्तनाचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. पुढच्याच महिन्यात, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीजवळ बाबांचे निधन झाले. हे मुद्रण भक्तिभावाने ऐकले जातेच, पण नाट्याचा अभ्यासक म्हणूनही ऐका. ते कुठे थांबतात, प्रश्नाचा शेवटचा शब्द कसा वर नेतात, समुदायाचे उत्तर येईपर्यंतचा क्षण कसा धरून ठेवतात. रेडिओचे नट जे माइकसमोर शिकत होते, ते हा निरक्षर म्हणवला गेलेला माणूस उघड्या मैदानात पेलत होता. आणि मुंबईतही तो वऱ्हाडीतच बोलत होता, लोकांना ते समजत होते.

८/ आता नागपूर केंद्राकडे येऊ. प्रांत द्विभाषक, म्हणून केंद्रही द्विभाषक : हिंदी आणि मराठी शेजारी शेजारी. हिंदीतले थोर कवी गजानन माधव मुक्तिबोध यांनी येथे काही काळ नोकरी केली. मराठी नाट्याच्या बाजूने सर्वांत ठळक नाव पुरुषोत्तम दारव्हेकर यांचे. पेशाने मुळात शिक्षक, म्हणून नाट्यवर्तुळात ‘मास्तर’. नागपुरात त्यांनी ‘रंजन कला मंदिर’ उभे केले, मुलांसाठी नाटके लिहिली, आकाशवाणीत काम केले. त्यांच्या नाटकांत ‘वऱ्हाडी माणसं’ या नावाचेही एक आहे.

९/ रेडिओसाठी नाटक लिहिणे म्हणजे नेमके काय करणे? मूळ अडचण सोपी आहे. रंगमंचावर पात्र गप्प उभे राहिले तरी ते ‘असते’. रेडिओवर जो बोलत नाही तो नसतो. म्हणून एका प्रवेशात चार-पाचांहून अधिक आवाज ठेवले की श्रोता हरवतो. तेही परस्परांपासून सहज ओळखू येणारे हवेत : एक जाड, एक पातळ, एक संथ, एक घाईचा. मध्यम लहरींवर उंच कंपनाचे ध्वनी नीट पोहोचत नाहीत, त्यामुळे ‘स’ आणि ‘श’ यांतला फरक बोथट होतो. त्यात पावसाळी विजांची खरखर. लेखकाला हे सारे गृहीत धरून शब्द निवडावे लागत.

१०/ पात्राची ओळख करून देणे ही दुसरी अडचण. मुंबईच्या श्रुतिकेत बायको नवऱ्याला नावाने किंवा ‘अहो’ने हाक मारते, पाहुणा ‘वहिनी’ म्हणतो, आणि तीन वाक्यांत घर उभे राहते. जुन्या वऱ्हाडी घरात बायको नवऱ्याचे नाव घेत नसे. मग लेखकाने काय करावे? लेकराच्या नावाने हाक, सासूचा उल्लेख, शेजारणीचा टोमणा. रीतिरिवाज हा इथे केवळ सजावटीचा भाग राहत नाही, तो संहितेचा तांत्रिक प्रश्न बनतो. सामाजिक इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी जुन्या संहिता वाचाव्यात त्या यासाठीच.

११/ आता स्टुडिओत चला. त्या काळातील रिबन मायक्रोफोन दोन्ही बाजूंनी ऐकत असे, मात्र कडेने जवळजवळ बहिरा. म्हणून नट समोरासमोर उभे राहत. जवळ येणे म्हणजे जिव्हाळा किंवा मनातले बोलणे, आणि मागे सरणे म्हणजे दार, अंगण, शेत. कडेला सरकले की पात्र ‘निघून गेले’. संपूर्ण नेपथ्य दोन-तीन पावलांत. संहितेची पाने सुटी ठेवायची आणि वाचून झालेले पान आवाज न करता बाजूला घ्यायचे, कारण कागदाची सळसळ माइकला वणव्यासारखी ऐकू येते.

१२/ खरा वणवा मात्र कागदानेच पेटवीत, चुरगळलेल्या पातळ सेलोफेनने! पत्र्याचा तुकडा हलवला की मेघगर्जना. करवंट्या आपटल्या की घोडा. चाळणीत डाळ फिरवली की पाऊस. वाळूच्या ट्रेमध्ये चाललेली पावले. गंमत अशी की खरा आवाज अनेकदा खोटा वाटतो आणि खोटा खरा. म्हणून ध्वनिपरिणाम करणाऱ्याला वस्तूपेक्षा श्रोत्याच्या आठवणीचे ज्ञान लागते. वऱ्हाडच्या श्रोत्यासाठी ‘घर’ म्हणजे कोणता आवाज, हे मुंबईच्या स्टुडिओत बसून ठरत नाही.

१३/ एक छोटा प्रसंग पाहा. हा कोणत्याही श्रुतिकेतला नाही, केवळ तंत्र समजावे म्हणून रचला आहे.

(पाऊस. बैलाच्या गळ्यातली घंटा जवळ येऊन थांबते. कडी वाजते.)
माय : आले काय? पार चिंब झाले नं तुमी. कंदील कुठी हाय?
बाप : (दारातून) वाऱ्यानं इझला. तू काहून जागी अजून?
माय : नाल्याचा आवाज आयकून राहिली. … पराटी?
बाप : (जवळ येऊन, हळू) बांधाखालची सारी गेली.

१४/ कंदील विझलेला आहे, म्हणून पात्रांनाही दिसत नाही : ह्यूज यांची खाण. नवरा भिजला हे बायको सांगते, तरी ते माहिती दिल्यासारखे वाटत नाही. ‘पराटी?’ हा एकशब्दी प्रश्न, म्हणजे कपाशीचे पीक, म्हणजे वर्षाची कमाई, सावकार, लेकीचे लग्न. त्यापूर्वीचा विराम महत्त्वाचा. रेडिओवर निखळ शांतता फार वेळ ठेवता येत नाही, केंद्र बंद पडले असे वाटते. इथे मागे पाऊस चालू आहे, त्यामुळे विराम जिवंत राहतो. शेवटचे वाक्य माइकच्या अगदी जवळ. रंगमंचावर अशा कुजबुजीने म्हटलेले वाक्य तिसऱ्या रांगेपलीकडे जाणार नाही. रेडिओवर ते अकोटच्या वाड्यात आणि दर्यापूरच्या पारावर एकाच क्षणी पोहोचते.

१५/ श्रुतिकेची लोकप्रियता शिगेला गेली ती कौटुंबिक मालिकांमुळे. मुंबई केंद्राच्या ‘प्रपंच’ आणि ‘पुन्हा प्रपंच’ यांतले पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी हे प्रभाकर जोशी, नीलम प्रभू आणि बाळ कुडतरकर यांच्या आवाजांनी घराघरांत राहायला आले. विविध भारतीचा ‘हवा महल’ हिंदीतून तेच काम करीत होता. त्याआधी, १९४० च्या दशकाच्या आरंभी, दिल्ली केंद्रावर सआदत हसन मंटो, कृष्ण चंदर आणि उपेंद्रनाथ अश्क यांच्यासारखे लेखक रेडिओनाट्ये लिहीत होते. म्हणजे या माध्यमाला प्रथम दर्जाच्या लेखण्या लाभल्या होत्या. ही कला दुय्यम मानली गेली, तो दोष लेखनाचा नव्हे.

१६/ इथेच आपला मूळ प्रश्न परत येतो. पंत आणि मीनावहिनी ज्या मराठीत बोलत, ती मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गाची मराठी. माइकने तिला ‘साधी’, ‘स्वाभाविक’ मराठी ठरवले. एकूणच मराठी रंगभूमी, चित्रपट आणि नभोवाणी यांच्या प्रथेत बोली बहुधा तीन जणांच्या तोंडी येई : गडी, गावकरी आणि हसवणारा. रडण्यासाठी, विचार करण्यासाठी, प्रेम करण्यासाठी पात्राला प्रमाण मराठीत यावे लागे. छापील कथेत ही विषमता डोळ्यांना तितकी टोचत नाही. कानांना ती पहिल्या वाक्यात कळते.

१७/ वऱ्हाडी ही बिघडलेली मराठी आहे, हा गैरसमज फार जुना. ग्रिअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) वऱ्हाडी-नागपुरीची नोंद आहे. तीत नियमबद्धता स्पष्ट दिसते. ‘ळ’च्या जागी ‘य’ : डोळ्याचा डोया, काळ्याचा काया. ‘ला’च्या जागी ‘ले’ : मले, तुले. शब्दारंभीच्या ‘वि’चा ‘इ’ : विस्तवाचा इस्तो. वरच्या प्रसंगातला ‘इझला’ त्याच नियमाने आला. ‘ऐकून राहिली’ ही चालू क्रिया दाखवण्याची खास वैदर्भीय रीत. ज्या बोलीचे नियम सांगता येतात तिला बिघाड म्हणत नाहीत.

१८/ सर्वेक्षणाने प्रत्येक बोलीसाठी बायबलमधील उधळ्या मुलाची गोष्ट नमुना म्हणून घेतली होती. विचार करा : घर सोडून गेलेला मुलगा, त्याची उपासमार, परत येणे, बापाने धावत जाऊन मिठी मारणे, थोरल्या भावाचा राग. उत्तम नाट्य आहे ते! म्हणजे १९०५ सालीच कागदोपत्री सिद्ध होते की या बोलीत पश्चात्ताप, करुणा आणि मत्सर सहज सांगता येतात. अधिकाऱ्यांनी मात्र त्यात विभक्तिप्रत्यय तेवढे मोजले.

१९/ साहित्यात हा प्रश्न अमरावतीच्या उद्धव शेळके यांनी निकालात काढला. ‘धग’ (१९६०) या कादंबरीत निवेदन प्रमाण मराठीत आहे, पण कौतिक आणि तिचे घर वऱ्हाडीत बोलते. आणि ती शोकांतिका आहे. कौतिकच्या झुंजीवर हसावे असे कोणाला वाटत नाही. ‘धग’चे संवाद मोठ्याने वाचून पाहा. त्यांत वाक्ये तुटक आहेत, माणसे एकमेकांना उत्तर देण्याऐवजी दुसरेच बोलतात, दुःख वस्तूंच्या नावांत लपवतात. हीच श्रुतिकेची भाषा. वऱ्हाडला गंभीर नभोनाट्याची सामग्री नव्हती, असे म्हणायला जागाच उरत नाही.

२०/ दारव्हेकर मास्तरांचे सर्वांत गाजलेले नाटक ‘कट्यार काळजात घुसली’ १९६७ साली रंगमंचावर आले. त्याचा गाभा काय? घराण्याची गायकी शिकवली जात नाही म्हणून एक तरुण नोकर बनून उस्तादाच्या घरी राहतो आणि चोरून ऐकतो. नाटकाचा नायक एका अर्थाने ‘कान’ आहे. हे रेडिओत वावरलेल्या लेखकाला सुचावे यात मला संगती दिसते. आणि खाँसाहेबांची भूमिका अजरामर करणारे वसंतराव देशपांडे जन्मले ते अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापुरात. वऱ्हाडचा कान आणि वऱ्हाडचा गळा इथे असे भेटले, पण प्रमाण मराठी-उर्दूच्या दरबारात.

२१/ मग नागपूर केंद्रावरच्या श्रुतिकांचा इतिहास लिहायचा कसा? आरंभीची प्रसारणे थेट होत. नट बोलला, लहर गेली, संपले. पुढे टेप आली, तेव्हा ती महाग होती. पुसून पुन्हा वापरणे ही सर्वत्र रूढ काटकसर होती. दप्तरात राहतात ती करारपत्रे, वेळापत्रके, मानधनाचे आकडे. राहत नाही तो स्वर. एखाद्या नटीने ‘पराटी?’ हा शब्द कसा उच्चारला असेल, हे कोणत्याही दप्तरात सापडणार नाही. आपण शिलालेखाचे अक्षर झिजले तर हळहळतो. ध्वनीचे झिजणे आपल्या हिशेबातही नसते.

२२/ एक उदाहरण. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर या अरुंद मार्गावरची ‘शकुंतला’ कापसासाठी टाकलेल्या रुळांवरून धावे. १९९४ पर्यंत तिला वाफेचे इंजिन होते. त्या इंजिनाच्या शिटीवर शेतातल्या माणसांच्या वेळा ठरत. तिची छायाचित्रे भरपूर मिळतात. पण एखाद्याने आज १९६० सालच्या मूर्तिजापूरची श्रुतिका लिहायची ठरवली, तर ती शिटी, जिनातल्या पट्ट्याची फटफट, सरकीच्या ढिगावर पडणारे फावडे हे आवाज आणायचे कोठून? ज्यांच्या कानांत ते आहेत ती पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे.

२३/ आणि तरीही हा धागा शोकगीत नव्हे. स्वतंत्र स्टुडिओ आणि प्रक्षेपक लागत होते तेव्हा आवाजाचा निर्णय राजधानीत होई. २०१७ पासून स्टोरीटेलसारख्या सेवांनी मराठी श्राव्य साहित्याला नवी बाजारपेठ दिली. पॉडकास्टला तर मोबाइल आणि शांत खोली पुरते. जुनी यांत्रिक अट संपली आहे. उरली आहे ती सवय : वऱ्हाडी ऐकू आली की आधी हसायचे. आजही समाजमाध्यमांवर वऱ्हाडी सर्वाधिक चालते ती विनोदासाठी. विनोद वाईट नाही. पण एका बोलीला एकच भाव नेमून देणे, हे त्या बोलणाऱ्या माणसांच्या बाकीच्या आयुष्याला निःशब्द करणे आहे.

२४/ म्हणून इतिहासप्रेमी मित्रांना तीन कामे सुचवतो. एक : घरातल्या वडीलधाऱ्यांना रेडिओविषयी विचारा आणि उत्तर लिहून घेऊ नका, ध्वनिमुद्रित करा. गाव, वर्ष, वक्त्याचे वय सुरुवातीलाच उच्चारा. दोन : कोणाच्या माळ्यावर जुन्या कॅसेट, स्पूल वा श्रुतिकेच्या चक्रमुद्रित संहिता असतील तर त्या ओल आणि उन्हापासून वाचवा, जमल्यास अंकीकरण करून घ्या. तीन : लिहा. पंधरा मिनिटांची, चार आवाजांची, वऱ्हाडीतली, आणि जिच्यात कोणी हसवण्यासाठी आलेले नाही अशी श्रुतिका.

२५/ गाडगेबाबांच्या त्या शेवटच्या काळातल्या कीर्तनात वांद्र्याच्या श्रोत्यांनी वऱ्हाडी ऐकून आधी हसावे की आधी उत्तर द्यावे, असा पेच पडलेला जाणवत नाही. ते हसतातही आणि उत्तरही देतात. वक्त्याने त्यांना दोन्ही करायला लावले. सत्तर वर्षांपूर्वी एका आवाजाला जे जमले, ते चार आवाजांना न जमण्याचे कारण नाही.

तुमच्या घरी रेडिओवरच्या कोणत्या श्रुतिकेची आठवण निघते? केंद्र, अंदाजे वर्ष आणि गाव यांसह खाली नोंदवा. या नोंदी एकत्र आल्या तर तोच आपला पहिला दस्तऐवज. धागा समाप्त.